हॅरिएट एकटी नव्हती

१८५४ चा नाताळ. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात तीन भाऊ आईवडिलांच्या घराजवळच्या चाऱ्याच्या कोठारात लपले होते. सण उलटताच त्यांना विकायचं ठरलं होतं आणि त्याआधी त्यांना पळवून न्यायला बहीण हॅरिएट टबमन आली होती. बेन रॉस या बापाने लेकरांकडे न पाहता त्यांना जेवण पोचवलं आणि डोळ्यांना रुमाल बांधून निरोप दिला. मागाहून चौकशी झालीच, तर ‘मी मुलांना पाहिलं नाही’ असं खरं सांगता यावं म्हणून!

केसी लेमन्स यांच्या ‘हॅरिएट’ (२०१९) या चित्रपटातही डोळे बांधलेला हा बाप दिसतो आणि प्रेक्षकाचा गळा दाटून येतो. सिंथिया एरिव्हो यांनी हॅरिएटची जिद्द नजरेतून उभी केली आहे. त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, ते सार्थच. चित्रपट जरूर पाहावा. मात्र गुलामीतून सुटका कशी घडवली जायची, हे सांगताना तो तोकडा पडतो.

पडद्यावरच्या हॅरिएटला अडचणीत दृष्टान्त वाट दाखवतात. मुकादमाने फेकलेलं वजन लहानपणी तिच्या डोक्यात बसलं, तेव्हापासून तिला झटके यायचे, दृष्टान्तही व्हायचे, हे खरं. पण १८४९ मध्ये स्वतः निसटल्यावर तिने सुमारे १३ खेपांत ७० च्या आसपास माणसं सोडवली, ती कसबाच्या आणि माणसांच्या जोरावर. बापाबरोबर लाकूडतोड करताना तिला रानाची खडान्‌खडा माहिती झाली होती. ती हिवाळ्यातल्या लांब रात्री निवडायची. निघायचं शक्यतो शनिवारी, कारण फरारी गुलामाची जाहिरात सोमवारपूर्वी छापली जात नसे. विल्मिंग्टनला लोखंडाचा व्यापारी थॉमस गॅरेट आसरा द्यायचा. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल आलेल्यांच्या हकिगती लिहून ठेवायचा.

खलनायकाचंही तसंच. सूडाने पेटलेला गिडियन आणि गुलामांचा माग काढणारा कृष्णवर्णीय बिगर लाँग ही दोन्ही पात्रं काल्पनिक आहेत. खरा वैरी होता, उत्तरेत पोचलेल्या फरारी गुलामांनाही मालकाकडे परत धाडणारा १८५० चा कायदा. पकडलेल्या माणसाला ज्युरीपुढे दाद मागता येत नव्हती, स्वतःची साक्षही देता येत नव्हती. मालकाच्या बाजूने निकाल दिला, तर अधिकाऱ्याला १० डॉलर मिळत. माणसाला सोडलं, तर ५. म्हणूनच हॅरिएटला माणसं थेट कॅनडात न्यावी लागली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. लढ्यामागची ही माणसं त्यांना पुण्यातून दिसली होती.

जून १८६३ मध्ये, यादवी युद्धात, साउथ कॅरोलायनातल्या कॉम्बाही नदीवर हॅरिएटने उत्तरेच्या फौजेला वाट दाखवली आणि ७०० हून अधिक गुलाम एका मोहिमेत मुक्त झाले. चित्रपट हा प्रसंग अखेरीस घाईघाईत उरकतो. या मोहिमेवर स्वतंत्र चित्रपट यायला हवा, आणि त्यात तिला बातम्या पुरवणाऱ्या स्थानिक गुलामांना तोंडदेखल्या नव्हे, भरीव भूमिका मिळायला हव्यात.