बी.ए. भाग 1

परवा भाची आली होती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. शेंगापोळी खाता खाता म्हणाली, "मावशी, आता एकच वर्ष करून कॉलेज सोडलं ना, तरी सर्टिफिकेट मिळतं." तिने आपलं सहज सांगितलं. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते.

नियम असा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मध्येच बाहेर पडायची सोय ठेवली आहे. आपल्याकडच्या साध्या कॉलेजांत ते 2024 पासून आलं. पहिल्या वर्षाची ठरलेली क्रेडिटं मिळवायची, वर चार क्रेडिटचा एखादा कामधंद्याचा कोर्स करायचा, की प्रमाणपत्र हातात. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी सात वर्षांत पुरी करायची.

ऐकून बरं वाटलं, आणि लगेच पोटात गोळाही आला. का, ते सांगायला तीस वर्षं मागे जावं लागेल.

जून 1993. बारावी झाली आणि घरात विषय निघाला, पुढे काय? दादांचं (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) उत्तर तयार होतं. मुलींचं कॉलेज असेल तर जा, नाहीतर बस घरी. हल्लीच्या मुली महिला महाविद्यालय म्हटलं की नाक मुरडतात. मुरडोत बापड्या. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणी फाटकावरच्या त्या 'महिला' शब्दामुळेच आत येऊ शकल्या होत्या. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा बायकांना वेगळं विद्यापीठ कशाला, अशी टीका झालीच होती. 77 वर्षांनंतरही त्या 'कशाला'चं उत्तर आमच्या दादांकडे होतं!

माझ्या बाकावर पूर्वभागातली एक मुलगी बसायची. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि भांडताना दोन्ही. वडील मागावर कामाला, आई बिड्या वळायची. कॉलेज सुटलं की हीसुद्धा सूप मांडीवर घेऊन बसायची, रात्री दहापर्यंत. फी त्यातूनच. बोटांना तंबाखूचा वास असायचा म्हणून हात ओढणीखाली झाकून ठेवायची. सरांनी प्रश्न विचारला की हिची मान खाली. उत्तर माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहायची आणि मी उभी राहून ऐटीत सांगायचे. (हो, सांगायचे. आज कबूल करते.)

मग 30 सप्टेंबर आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुका बघून सगळं गाव दमून झोपलेलं, आणि पहाटे चारच्या सुमाराला भांडी खडखडली. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा कुणालाच काही कळेना. उजाडल्यावर हळूहळू किल्लारीचं कानावर यायला लागलं. हजारोंनी माणसं गेली होती.

कॉलेजात भाकऱ्या आणि कपडे गोळा व्हायला लागले. सोलापूरची कडक भाकरी किती दिवस टिकते ते मी सांगायला नको. पण नुसता गोंधळ. कोण काय आणतंय, किती आलं, कुठे ठेवायचं, पत्ता नाही. आणि ही माझ्या शेजारची मुकी मुलगी बाकावर चढून ओरडली, "ए, थांबा बे सगळ्या!" तिने भाकऱ्यांची पंचवीस-पंचवीसची चळत लावायला घेतली. बिड्यांची बंडलं बांधून हात बसलेला, मोजताना नजर वरसुद्धा जायची नाही. तीन दिवस ती सांगेल तसं आम्ही केलं. प्राध्यापकसुद्धा तिला विचारत होते. घरी जायला अंधार पडायचा, आणि दादा एका शब्दाने बोलले नाहीत.

त्यानंतर ती वर्गात स्वतः उठून उत्तरं द्यायला लागली. माझी ऐट संपली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून आम्ही एम.ए.पर्यंतचे बेत केले.

तिला अठरावं सरलं ते फेब्रुवारीत. आणि स्थळ आलं.

मला हे फार उशिरा कळलं. 1978 पासून मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय 18. बारावी होते सतरा-अठराव्या वर्षी. मधले महिने मुलगी घरात बसलेली दिसण्यापेक्षा 'बी.ए. भाग एकला आहे' हे स्थळाकडच्यांना सांगायला चांगलं. म्हणजे पालकांच्या लेखी ते वर्ष ही स्टेशनवरची वेटिंग रूम होती. फक्त आम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आम्ही बिछाना पसरून राहायलाच आलो होतो.

एप्रिलमध्ये तिने पेपर दिले, मे महिन्यात लग्न झालं. मी गेले नाही. आदल्या आठवड्यात भांडले होते, "तू मूर्ख आहेस" म्हणाले होते. जसं काही तिलाच कुणी विचारलं होतं! निकाल तेव्हा कोल्हापूरहून, शिवाजी विद्यापीठातून यायचा. ती पास झाली होती, माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी. मार्कलिस्ट ऑफिसात पडून राहिली. मी मागितली तर जिची तिनेच सही करून न्यायची, असं सांगितलं. जुलैत हजेरी सुरू झाली तेव्हा कितीतरी जुनी नावं यादीतच नव्हती.

म्हणून हे प्रमाणपत्र मला हवंही आहे आणि त्याची भीतीही वाटते. हवं अशासाठी, की ज्यांचं सगळं कॉलेज त्या दहा महिन्यांतच झालं त्यांच्या शिक्षणाला लोक 'अर्धवट' म्हणतात. कागद असता तर तोंडावर टाकता आला असता. आणि भीती अशी, की उद्या एखादे दादा म्हणतील, "सर्टिफिकेट मिळालं ना? मग झालं की." पूर्वी शिक्षण मध्येच तोडल्याचं थोडं तरी वाईट वाटायचं, आता तेही नको.

खरी गोम परतीच्या तीन वर्षांत आहे. अठराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीची पुढची तीन वर्षं कशी जातात, हे नियम करणाऱ्यांनी कुठल्याही सासुरवाशिणीला विचारायचं होतं. तीन वर्षांत मूल चालायला लागतं, इतकंच. मुदत ठेवायचीच तर पंधरा वर्षांची ठेवा, नाहीतर ठेवूच नका. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून होतं, पण तिला ते कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मी रुसले होते ना!

ती मला चार-पाच वर्षांपूर्वी नव्या पेठेत भेटली. सून आलीय म्हणाली. चहा घेतला, जुन्या गप्पा झाल्या. निघताना पर्स उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी मार्कलिस्ट कुठंय गं? अजून मिळेल का?"

"चौकशी करते," म्हणाले.

केली नाही. आता तर सोलापूरचं विद्यापीठ वेगळं होऊनही वीस वर्षं उलटली. तेव्हाचा कागद कोल्हापूरला मागायचा की कॉलेजात, तेही विचारावं लागेल. सोमवारी भाचीबरोबर जाऊन सुरुवात करते. इथे लिहून ठेवलंय, म्हणजे आत्या फोन करून विचारणारच.