दावा विणकरावर, नफा बाजारपेठेचा

येवल्यातील एखाद्या विणकर कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. घरात दोन हातमाग; एक पैठणी उतरायला महिना-दीड महिना लागतो. पेठेतील व्यापारी भाव पाडून मागतो, म्हणून घरातील शिकलेल्या मुलीने ऑनलाइन बाजारपेठेवर खाते उघडले. एक पैठणी दिल्लीला गेली. ग्राहक म्हणतो, रंग छायाचित्रातल्यासारखा नाही आणि काठाची वीण सर्वत्र सारखी नाही. बाजारपेठेच्या तक्रारकक्षाने ठरावीक साच्याचे उत्तर पाठवून हात झटकले. काही महिन्यांनी दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस येवल्याच्या दारात येऊन पडते. मागणी साडीच्या किमतीची, व्याजाची, मनस्तापाच्या भरपाईची आणि तक्रारखर्चाची. सामनेवाला मात्र एकच, विणकर.

या प्रसंगी दोन सोपे निष्कर्ष काढले जातात. व्यापारी मंडळी म्हणतात, ग्राहक कायद्याने विक्रेत्यांना छळण्याचे हत्यार दिले. ग्राहक चळवळीतील काही उत्साही मंडळी म्हणतात, विक्रेता तो विक्रेताच. त्याची कीव कशाला? समाजवादी विचाराच्या माणसाला यांपैकी कोणताही निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. ग्राहकांचा हक्क कोणी दान दिलेला नाही. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणी घेतलेल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. अशा प्रयत्नांची परिणती १९८६ च्या कायद्यात झाली. त्या कायद्याची धार बोथट करण्याची मागणी ही प्रतिगामी मागणी होय. प्रश्न वेगळाच आहे: दुर्बलाने सबलाविरुद्ध वापरावयाचे हे शस्त्र एका दुर्बलाकडून दुसऱ्या दुर्बलावर चालवले जात असताना सबल कोठे असतो?

कोर्टाचे अंतर ही क्षुल्लक बाब नव्हे, हे महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. त्या उठावामागे व्याजाइतकाच एकतर्फी हुकूमनाम्यांचा जाच होता. कुळाला कोर्टाचा रस्ता परवडत नसे; ते हजर राहत नसे; आणि सावकाराच्या म्हणण्यावर निकाल होई. म्हणूनच १८७९ साली दख्खनच्या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्यावरील दावा तो राहतो त्या हद्दीतील कोर्टातच चालावा, अशी तरतूद आली. तडजोडीसाठी सलोखेदार नेमण्याचीही सोय झाली.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हेच तत्त्व ग्राहकाच्या बाजूने वापरले. ग्राहक राहतो किंवा काम करतो तेथे त्याला तक्रार दाखल करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मोठ्या कंपनीशी झुंजणाऱ्या ग्राहकासाठी हे योग्यच आहे. परंतु येवल्याचा विणकर हा १८७५ च्या सावकाराचा वारस नव्हे. या दाव्यात त्याची जागा कुळाची आहे. लेखी म्हणणे मांडण्यास त्याला ३० दिवस मिळतात, वाढवून मिळाले तर आणखी १५. या ४५ दिवसांपलीकडे आयोगाला मुदत वाढवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली १९८६ च्या कायद्यासंबंधी दिला. नव्या कायद्यातही मुदत तीच आहे. नोटीस घाबरून फडताळात ठेवली की तक्रार एकतर्फी चालते. मग अपील करावयाचे तर आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश पाळला नाही तर कारावासाचीही तरतूद आहे.

वास्तविक विणकराची बाजू लंगडी असतेच असे नाही. ‘दोष’ म्हणजे कायद्याने किंवा करारान्वये जो दर्जा राखणे आवश्यक होते, त्यातील उणीव. तेव्हा निर्णायक प्रश्न असा की, विक्रीच्या जाहिरातीत काय वचन दिले होते? हातमागाच्या वस्त्रातील किंचित असमानता ही हाताची खूण आहे. यंत्रमागाच्या कापडाला सरावलेल्या डोळ्याला ती उणीव वाटते. साडी हातमागाची आहे हे स्पष्ट लिहिले असेल, पाठवणीपूर्वीचे छायाचित्र, पावती आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवला असेल, तर उत्तर देता येते. वाद कापडाच्या दर्जाचा असेल तर प्रयोगशाळेत तपासणीची सोय कायद्यात आहे. वकील सक्तीचा नाही. दूरदृश्य माध्यमातून सुनावणी मागता येते. मध्यस्थीचा मार्गही खुला आहे. याउलट, यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकली असेल, तर मुकाट्याने पैसे परत करावेत. गरिबी हा फसवणुकीचा परवाना नव्हे.

परंतु या साऱ्यात तिसरा पक्ष नामानिराळा राहतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालाचे गुणदोष विक्रेत्याला ठाऊक आणि खरेदीदाराला अज्ञात असले, तर चांगला माल बाजारातून हटतो. आजच्या ऑनलाइन बाजारात चित्र याहून विपरीत आहे. विक्रेता ग्राहकाला ओळखत नाही, ग्राहक विक्रेत्याला ओळखत नाही. दोघांचीही माहिती एकट्या बाजारपेठेच्या हाती एकवटलेली आहे. कोणाचा माल वर दिसावा, दलाली किती, परतीची मुदत कोणती, पैसे विक्रेत्याच्या खात्यात कधी पडावेत, हे तीच ठरवते. मात्र २०१६ साली परकीय भांडवलाच्या ऑनलाइन बाजारपेठांसाठी सरकारने जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत विक्रीनंतर माल पोहोचवणे आणि ग्राहकाचे समाधान यांची जबाबदारी विक्रेत्यावर टाकण्यात आली. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाची ढाल आहेच: आम्ही केवळ मध्यस्थ! अधिकार मालकाचे आणि उत्तरदायित्व हमालाइतकेही नाही, अशी ही मध्यस्थी आहे.

म्हणून ग्राहकाचा हक्क तसूभरही कमी न करता काही सुधारणा तातडीने व्हावयास हव्यात. जिच्या मंचावर व्यवहार झाला ती बाजारपेठ प्रत्येक तक्रारीत आवश्यक पक्षकार असावी आणि व्यवहाराची संपूर्ण नोंद तिने स्वखर्चाने आयोगापुढे ठेवावी. लहान विक्रेत्याला आपल्या जिल्ह्याच्या आयोगात बसून दूरदृश्य माध्यमातून सुनावणी मिळणे हा हक्क असावा. आज ते आयोगाच्या मर्जीवर आहे. १९८७ च्या विधिसेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाचे लोक मोफत विधिसाहाय्यास पात्र आहेत. ही गोष्ट नोटिशीवरच मराठीत छापलेली असावी.

कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. विणकरांच्या सहकारी संस्था, महिला बचत गट आणि ग्राहक पंचायती यांनी एकत्र बसावे. मालाचे प्रामाणिक वर्णन, पाठवणीची नोंद आणि नोटिशीला वेळेत उत्तर ही कामे एकट्या मुलीच्या शिरावर टाकण्याऐवजी संस्थेने उचलावीत. दिल्लीचा पगारदार ग्राहक आणि येवल्याचा विणकर हे परस्परांचे शत्रू नव्हेत. ते एकमेकांविरुद्ध आयोगात उभे राहतात, तेव्हा दोघांच्याही व्यवहारातून आपला हिस्सा आधीच कापून घेतलेला तिसरा त्या दालनात नसतो. त्याला तेथे हजर करणे हे ग्राहक चळवळीचे आणि श्रमिक चळवळीचे समान कार्य आहे.