सातवी पास सरपंच आणि बिनअटीचा खासदार

१/ २६ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेचे काम संपत आले होते. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी समारोपाच्या भाषणात दोन खंती बोलून दाखवल्या. मूळ संविधान भारतीय भाषेत होऊ शकले नाही, ही एक. दुसरीची आठवण सहसा कोणी काढत नाही. कायदा राबवणाऱ्याकडून मोठी पात्रता मागायची आणि कायदा करणाऱ्याला मात्र निवडून येण्यापलीकडे काहीच अट नाही, ही विसंगती त्यांना खटकत होती.

२/ खंत प्रामाणिक होती, पण सभेने तिला संविधानात जागा दिली नाही. अनुच्छेद ८४ आणि १७३ पाहावेत. उमेदवार भारताचा नागरिक असावा. लोकसभा-विधानसभेसाठी वय २५, राज्यसभा-विधान परिषदेसाठी ३०. वरिष्ठ सभागृहाचे वय आधी ३५ सुचवले गेले होते, ते ३० वर आणण्याची दुरुस्ती दुर्गाबाईंनी (पुढच्या दुर्गाबाई देशमुख) मांडली. शिक्षण, मालमत्ता, करभरणा यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.

३/ हा विसरभोळेपणा नव्हता. १९५१च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती, स्त्रियांमध्ये तर ९ टक्क्यांहून कमी. अक्षरओळखीचीही अट घातली असती, तर मत देणाऱ्या बहुसंख्यांना मत मागण्याचा अधिकार उरला नसता. शिवाय सभेतील अनेकांनी अटींचे राज्य जवळून पाहिले होते. १९३५च्या कायद्यात मतदानाचा हक्क मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. त्याच कायद्याच्या कलम ६९ नुसार दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर पाच वर्षे प्रांतिक विधिमंडळासाठी अपात्र ठरे. सवलत द्यायची की नाही, हे गव्हर्नरच्या मर्जीवर. राजद्रोहाखाली तुरुंगात गेलेला आणि दरोडेखोर या कलमाला सारखेच.

४/ अटीविना काय घडले? के. कामराज यांची शाळा बालपणीच सुटली. १९५४ ते १९६३ ते मद्रासचे मुख्यमंत्री होते आणि शाळेतील मध्यान्ह भोजनाची योजना त्यांनी राज्यभर नेली. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली ती त्यांच्याच सरकारने. त्या धोरणाच्या बऱ्यावाईटाचा वाद वेगळा. पण त्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या कितीजणांना हे ठाऊक असते?

५/ मग अट आली कुठे? सर्वांत खालच्या पायरीवर. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. तिने अनुच्छेद २४३ड द्वारे पंचायतीत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. त्याच दुरुस्तीतील अपात्रतेच्या तरतुदीने आणखी अपात्रता ठरवण्याची मुभा राज्यांच्या कायद्यांना दिली. एका दाराने आत बोलावलेल्या बाईला दुसऱ्या दाराने परत पाठवण्याची सोय त्यातूनच झाली.

६/ दोन अपत्यांची अट आधी आली. हरियाणाची अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद खटल्यात वैध ठरवली. मग २०१५ मध्ये त्याच राज्याने पंचायत उमेदवारांसाठी शिक्षण बंधनकारक केले: सर्वसाधारण पुरुषांना दहावी, स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या पुरुषांना आठवी, पंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या स्त्रीला पाचवी. जोडीला घरात शौचालय हवे, सहकारी कर्ज आणि वीजबिल थकलेले नको. हा कायदा करणाऱ्या आमदारांना स्वतःला यांतली एकही अट नव्हती!

७/ १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला खटल्यात न्या. चेलमेश्वर आणि न्या. सप्रे यांनी या अटी वैध ठरवल्या. बऱ्यावाईटाची पारख शिक्षणच देते, असा निकालाचा सूर. शौचालयाबाबत तर असे म्हटले गेले की सरकारी मदत उपलब्ध असताना ते न बांधणे हा गरिबीचा नव्हे, इच्छेचा प्रश्न आहे. हा युक्तिवाद पटण्याजोगा नाही. पारख जर शाळेतूनच येत असेल, तर मतदानालाही तीच अट लावावी लागेल, आणि तिथे तर कुणी बोलायला तयार नाही.

८/ अपात्रता मुळातच वाईट, असे नव्हे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही दोन वर्षांच्या शिक्षेची अट आहे. पदावरील सदस्यांना तीतून मिळणारी पळवाट २०१३ मध्ये लिली थॉमस निकालाने बंद केली, हे योग्यच झाले. गुन्हा ही माणसाची स्वतःची करणी असते. गावात शाळा नव्हती, असलीच तर मुलीला धाडली नाही, ही करणी कोणाची? शाळा देण्याचे काम राज्याचे. ते राज्याने केले नाही, आणि त्याचा दंड मात्र त्या बाईने भरायचा.

९/ राजस्थानने २०१४च्या अखेरीस अध्यादेशाने अशीच अट आणली आणि २०१९ मध्ये काढून टाकली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सावधपणे पाऊल टाकले: ग्रामपंचायतीसाठी सातवी पासची अट, पण फक्त १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. वरकरणी न्याय्य वाटते. नव्या पिढीला तर शाळा मिळालीच असणार.

१०/ पण तारखा जुळवून पाहाव्यात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला, तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. १९९५च्या जानेवारीत जन्मलेली मुलगी त्या दिवशी १५ वर्षे पूर्ण करून त्या हक्काबाहेर गेलेली होती. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी बीडकडची अशी एखादी मुलगी आज तिशी ओलांडून गेली आहे. ती लोकसभेला उभी राहू शकते. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीला नाही.