कुणबी नोंदींचा शोध : जुन्या दफ्तरात 'नोंद नाही' याचा नेमका अर्थ काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध हा मराठवाड्यात घराघरातला विषय झाला. पुढे हा शोध राज्यभर सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरबाबतचा शासन निर्णय निघाल्यावर त्याला आणखी जोर आला.

आरक्षणाच्या वादावर न्यायालयात आणि राजकारणात बोललं जाईलच. पण या निमित्तानं हजारो कुटुंबांवर एक असं काम येऊन पडलं आहे, जे एरवी इतिहासाचे अभ्यासक करतात. जुन्या दफ्तरात आपल्या माणसाचं नाव शोधण्याचं काम. ते कसं चालतं, समजून घेऊया.

गॅझेटियरमध्ये पणजोबांचं नाव असेल का?

नाही. गॅझेटियर हे छापील पुस्तक असतं. एखाद्या प्रदेशाची जमीन, पिकं, व्यापार, लोकसंख्या, तिथले समाज यांची माहिती त्यात असते. कोणत्या समाजाचे किती लोक होते हे त्यातून कळतं, पण ते लोक कोण होते हे कळत नाही. त्यामुळे गॅझेटियर पार्श्वभूमी देतं. एका कुटुंबाचा धागा जोडायला गावपातळीवरची हस्तलिखित नोंद किंवा नात्यातल्या माणसाचा पुरावा लागतो.

मग नाव कुठे सापडतं?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोणतंही दफ्तर तुमच्या प्रश्नासाठी तयार झालेलं नसतं. ते ज्या कामासाठी लिहिलं गेलं, तेवढंच सांगतं.

खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही ही कागदपत्रं जमीन कोण कसतो, सारा कोण भरतो यासाठी होती. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांचं नाव तिथे मिळणं कठीण. त्यांनी गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही पाहावी. बऱ्याच गावांत तिला 'कोतवाल बुक' म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर, दुय्यम निबंधकांकडची खरेदीखतं, पोलीस आणि कारागृहाची जुनी रजिस्टरं यांतही जातीचा उल्लेख सापडतो.

बायकांची नावं शेताच्या कागदांत कमी दिसतात. नवरा वारल्यावर वारस म्हणून झालेल्या फेरफारात मात्र ती अनेकदा मिळतात.

इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून शोध त्याच्या आधीच्या काळात घ्यावा लागतो.

नोंद असूनही का सापडत नाही?

पहिलं कारण लिपी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथली अनेक कागदपत्रं फारसी आणि उर्दूत आहेत, तर मराठी कागद मोडीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. काही ठिकाणी जातीचा पूर्ण शब्द न लिहिता 'कु.' एवढंच लिहिलेलं असतं. वाचणारा नवखा असेल तर नजरेसमोरची नोंदही हुकते.

दुसरं कारण सन. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३४० फसली म्हणजे १९३०च्या आसपासचं वर्ष. शके असेल तर ७८ मिळवायचे.

तिसरं कारण बदललेले जिल्हे. जालना १९८१ मध्ये औरंगाबादपासून, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झाला. आज लातूर जिल्ह्यात असलेल्या गावाचा जुना कागद उस्मानाबादच्या नावानं बांधलेला असू शकतो. संस्थानाची वरिष्ठ दफ्तरं तर हैदराबादलाच राहिली. त्यासाठीच शिंदे समितीलाही तिथे जावं लागलं.

चौथं कारण नाव. जुन्या नोंदीत आडनाव नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. 'राणोजी वलद सटवाजी' एवढ्यावर माणूस ओळखावा लागतो. त्यामुळे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून चार पिढ्यांची नावं लिहून घ्यावीत, टोपणनावांसकट.

सुरुवात कुठून करायची?

आधी ग्रंथालय, मग अभिलेखागार. जिल्हा ग्रंथालयात किंवा जुन्या सार्वजनिक वाचनालयात गॅझेटियर, जनगणनेचे अहवाल, स्थानिक इतिहासाची पुस्तकं मिळू शकतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे. गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात, कोणाच्या अमलाखाली होतं हे तिथे ठरवता येतं.

त्यानंतर तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालय. त्याहून जुन्या कागदांसाठी राज्याच्या पुराभिलेख विभागाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची दफ्तरं आहेत. पेशवे दफ्तर पुण्याच्या अभिलेखागारात आहे. तिथे नुसतं 'आमच्या घराण्याचं काही आहे का' असं विचारून उपयोग नाही. गाव, काळ आणि कागदाचा प्रकार सांगितला तरच नेमका रुमाल बाहेर येतो.

नोंद मिळाली की कार्यालय, रजिस्टरचं नाव, वर्ष आणि पान लिहून घ्यावं, प्रमाणित प्रत मागावी. मागची-पुढची पानंही पाहावीत. शाई किंवा अक्षर मध्येच बदललं असेल, तर पडताळणीत तो कागद उलट अंगावर येऊ शकतो.

'नोंद नाही' हे उत्तर मिळालं तर?

जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या कायद्याचं कलम ८ सांगतं की जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे कागद वाळवीनं खाल्ला, चुकीच्या जिल्ह्यात गेला किंवा वाचणारा मिळाला नाही, तरी त्याची किंमत कुटुंबालाच मोजावी लागते. कागद सांभाळण्याची जबाबदारी मात्र त्या कुटुंबाची कधीच नव्हती.

म्हणून 'नोंद नाही' या उत्तराचे निरनिराळे अर्थ वेगळे करावे लागतात. रजिस्टर तपासलं आणि नाव नव्हतं, हा एक अर्थ. रजिस्टरच उपलब्ध नाही, हा दुसरा. रजिस्टर आहे, पण वाचलं गेलं नाही, हा तिसरा. पहिल्या उत्तरावर शोध दुसऱ्या कागदाकडे वळवायचा. उरलेल्या दोन्हींत शोध संपलेला नसतो, तो खरं तर सुरूच झालेला नसतो.

कोणती रजिस्टरं, कोणत्या वर्षांची तपासली, हे लेखी मागता येतं. माहिती अधिकार कायद्यात अभिलेख स्वतः पाहण्याचाही हक्क आहे. त्या दिवशी सोबत मोडी किंवा उर्दू वाचणारा माणूस न्यावा.