विश्लेषण : बाळाच्या डोळ्यांतील जन्मजात दोषांचे मूळ उंदरांमध्ये कसे सापडले?

एखादे बाळ अगदी लहान डोळ्यांसह जन्माला आले किंवा त्याच्या डोळ्यांत रंगीत पडदाच नसला, की घरातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा आईला विचारला जातो. ग्रहणात भाजी चिरली होती का? काही नको ते खाल्ले होते का? प्रयोगशाळेतील उंदरांवरच्या अभ्यासाने या प्रश्नांना वेगळेच उत्तर दिले आहे. अशा अनेक दोषांचे मूळ जनुकांमध्ये असते. नेमके कोणते जनुक बिघडले हे कळणे बाळाच्या पुढील आयुष्यासाठी, प्रसंगी त्याचा जीव वाचवण्यासाठीही महत्त्वाचे ठरते.

डोळा नेमका कधी आणि कसा घडतो?

माणसाच्या गर्भात डोळ्याची पायाभरणी चौथ्या आठवड्यातच सुरू होते. मेंदूच्या दोन्ही बाजूंनी छोटे फुगे बाहेर येतात आणि वरच्या त्वचेला जाऊन भिडतात. जिथे स्पर्श होतो, तिथली त्वचा जाड होऊन तिचे भिंग बनते. फुगा आत दबून पेल्यासारखा होतो आणि त्यातून दृष्टिपटल तयार होते. पेल्याच्या खालच्या बाजूला एक फट असते. ती सातव्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. ती उघडी राहिली तर ‘कोलोबोमा’ हा दोष निर्माण होतो आणि बाहुली अनेकदा किल्लीच्या भोकासारखी दिसते. उंदराचा गर्भकाळ जेमतेम १९ ते २० दिवसांचा. पण त्याचा डोळाही याच पायऱ्यांनी घडतो. म्हणूनच माणसात जे पाहता येत नाही, ते उंदरात दिवसागणिक पाहता येते.

‘स्मॉल आय’ उंदराने काय दाखवले?

लहान डोळ्यांच्या उंदरांच्या एका वाणाचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला ‘स्मॉल आय’ असेच नाव मिळाले. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल तर या उंदराचे डोळे लहान राहतात. दोन्ही सदोष असतील तर पिल्लाला डोळे आणि नाक दोन्ही नसतात आणि ते जन्मानंतर लगेच दगावते. हे जनुक ‘पॅक्स-६’ असल्याचे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी माणसांतील ‘अॅनिरिडिया’ या आजाराशी संबंधित जनुकही सापडले. या आजारात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, अर्धवट असतो किंवा जवळपास नसतोच. दोन्ही जनुके एकच निघाली. उंदराचे आणि माणसाचे ‘पॅक्स-६’ प्रथिन तर अमिनो आम्लांच्या क्रमात तंतोतंत सारखे आहे.

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गेहरिंग यांच्या चमूने उंदराचे हे जनुक फळमाशीत भलत्याच जागी कार्यान्वित केले. तिथे जादा डोळे उगवले आणि ते उंदराचे नव्हे, माशीचे होते. म्हणजे हे जनुक डोळ्याचा आराखडा सांगत नाही. ‘इथे डोळा घडवायला घ्या’ एवढा हुकूम देते. पुढचे काम त्या प्राण्याची इतर जनुके करतात.

जनुकाची एक प्रत चांगली असूनही दोष का येतो?

बऱ्याच जनुकांचे काम एका प्रतीवर भागते. ‘पॅक्स-६’चे भागत नाही. ते इतर जनुके चालू-बंद करणारे प्रथिन बनवते आणि त्याचे प्रमाण अचूक असावे लागते. एक प्रत निकामी झाली की प्रमाण निम्म्यावर येते आणि डोळा अपुरा घडतो. उलट, या जनुकाच्या जादा प्रती घातलेल्या उंदरांमध्येही डोळ्यांचे दोष दिसले. आमटीतल्या मिठासारखेच हे आहे. कमी पडले तरी बिघडते, जास्त झाले तरी बिघडते. यावर जनुकीय उपचार शोधणे अवघड जाते, त्याचे एक कारण हेच आहे.

अशी जनुके किती आहेत?

आधी वाटले होते त्याहून बरीच जास्त. एकेक जनुक बंद करून उंदराच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे तपासण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू आहे. त्यातील ४,३६४ जनुकांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३४७ जनुकांचा डोळ्यांशी संबंध आढळला आणि त्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुके डोळ्यांच्या संदर्भात आधी माहीतच नव्हती. ज्या बाळांच्या तपासणीत आज कोणतेही कारण सापडत नाही, त्यांच्यासाठी ही यादी उद्याचा धागा ठरू शकते.

काही जनुके एकाहून अधिक अवयवांवर परिणाम करतात. जर्मनीतील पाउला हर्टविग यांनी १९४२ मध्ये नोंदवलेल्या उंदरांचे डोळे लहान होते आणि केस पांढरे. त्यातील दोषी जनुक, ‘एमआयटीएफ’, माणसात बिघडले तर बहिरेपण आणि त्वचा-केसांच्या रंगातील फरक असा आजार होतो. म्हणून डोळ्यांचा जन्मजात दोष दिसला, की बाळाची श्रवणचाचणी आणि एकूण तपासणीही आवश्यक ठरते.

उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होतो का?

नाही. ‘सॉक्स-२’ हे याचे ठळक उदाहरण. माणसात या जनुकाची एक प्रत बिघडली तरी बाळ डोळ्यांविना जन्मू शकते. दोन्ही डोळे नसण्यामागे सर्वाधिक आढळणारे जनुकीय कारण हेच आहे. उंदराची मात्र एक प्रत गेली तरी डोळे बहुधा ठीक असतात.

दुसरी अडचण खुद्द उंदरांच्या वाणाची आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘सी५७ ब्लॅक ६’ या काळ्या उंदरांत काही पिल्ले कोणताही प्रयोग न करताच लहान किंवा न घडलेल्या डोळ्याने जन्मतात. याच वाणाच्या एका उपशाखेत दृष्टिपटल बिघडवणारे ‘क्रब-१’चे उत्परिवर्तन लपलेले असल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. त्यामुळे ‘अमुक जनुक बंद केले आणि डोळा बिघडला’ असे म्हणण्याआधी तो दोष वाणात आधीपासून नव्हता ना, हे तपासावेच लागते. उपचारांच्या बाबतीतही हाच सावधपणा हवा. ‘अॅटाल्युरेन’ या औषधाने ‘स्मॉल आय’ उंदरांच्या डोळ्यांत जन्मानंतरही सुधारणा दिसली. माणसांवरील चाचणीत मात्र मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही.

मग जनुक कळल्याने बाळाला काय मिळते?

आयरिस परत येत नाही. पण पुढचा धोका ओळखता येतो. अॅनिरिडिया असलेल्या काही मुलांना मूत्रपिंडाचा ‘विल्म्स’ हा कर्करोग होतो, हे १९६४ मध्येच लक्षात आले होते. त्याचे कारण नंतर समजले. ‘पॅक्स-६’च्या शेजारी, त्याच ११व्या गुणसूत्रावर ‘डब्ल्यूटी-१’ हे जनुक असते. गुणसूत्राचा तुकडाच गळाला तर दोन्ही जातात. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हा कर्करोग होण्याचा धोका असतो. त्यांची सोनोग्राफी लहानपणी दर तीन महिन्यांनी केली, तर गाठ लवकर सापडते आणि उपचार सोपे होतात. ‘डब्ल्यूटी-१’ शाबूत असल्याचे चाचणीत दिसले, तर याच पालकांची अनेक वर्षांची धास्ती आणि धावपळ वाचते. अॅनिरिडियात पुढे काचबिंदू, मोतीबिंदू आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलाचे आजारही संभवतात. त्यासाठीची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न पुढच्या अपत्याचा. आई किंवा वडिलांना अॅनिरिडिया असेल, तर प्रत्येक गर्भारपणात तो बाळात येण्याची शक्यता ५० टक्के असते. ‘व्हीएसएक्स-२’सारख्या जनुकाचे गणित वेगळे आहे. उंदरात १९९६ मध्ये आणि माणसात २००० मध्ये डोळा लहान राहण्याशी त्याचा संबंध सिद्ध झाला. येथे दोष दिसायला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. आई-वडील दोघेही निरोगी वाहक असू शकतात आणि प्रत्येक अपत्यात धोका २५ टक्के असतो. नात्यातल्या लग्नांत असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत आजही आहे. त्यांच्यासाठी ही माहिती महत्त्वाची आहे.

सगळेच दोष जनुकांमुळे होतात का?

तसेही नाही. गर्भारपणात रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, हे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदवले गेले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने आणि मद्याने प्राण्यांच्या पिल्लांत डोळ्यांचे दोष निर्माण होतात, हेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणून लसीकरण, योग्य आहार आणि मद्य टाळणे यांचे महत्त्व कायम आहे. मात्र ग्रहण, चाकू किंवा कुणाची नजर यांचा या यादीत समावेश नाही. शिवाय अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे समजते, तेव्हा बाळाच्या डोळ्याचा पाया घातला गेलेला असतो. सदोष जनुक आईकडून आले काय, वडिलांकडून आले काय किंवा गर्भातच नव्याने बिघडले काय, ते कोणी निवडलेले नसते.

आता काय व्हायला हवे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून बालकांची तपासणी होते. जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील दृष्टिपटलाचा आजार त्यात येतो. जिल्हा पातळीवर त्यासाठी ‘लवकर हस्तक्षेप केंद्रे’ही आहेत. देशाचे दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आले. या दोन्हींना जोडणारा दुवा जनुकीय समुपदेशनाचा आहे आणि तो जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचायला हवा. लहान डोळा किंवा अर्धवट आयरिस दिसलेले प्रत्येक बाळ नेत्रतज्ज्ञाकडून जनुकीय चाचणीपर्यंत आणि गरज असल्यास मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीपर्यंत नेणारी वाट ठरलेली असावी. ही वाट ठरवण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही. ‘पॅक्स-६’ सापडून तीन दशके उलटली आहेत. तरीही बाळाच्या डोळ्यांचा जाब आईलाच द्यावा लागत असेल, तर उणीव विज्ञानात नाही, ते घरोघरी पोहोचवण्यात आहे.