गेम बंद करा, असं मी का सांगत नाही

मानदुखी घेऊन येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पेशंटला मी विचारतो, "लॅपटॉपवर किती तास असता?" उत्तर ठरलेलं असतं, "ऑफिसचे आठ-नऊ तास." मग मी विचारतो, "आणि त्यानंतर?" इथे जरा शांतता पसरते. सोबत बायको किंवा आई आली असेल तर उत्तर तिच्याकडून येतं. "रात्री त्याच लॅपटॉपवर गेम खेळत बसतो हा. डॉक्टर, तुम्हीच सांगा ना, गेम बंद कर म्हणून!"

मी ते सांगत नाही. सोबत आलेल्यांना ते आवडत नाही, पण त्यामागे कारणं आहेत.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. "बंद करा" म्हटलं की माणूस गेम बंद करत नाही, मला सांगणं बंद करतो. पुढच्या वेळी "नाही हो, आता खेळतच नाही" म्हणतो आणि मान मात्र तशीच दुखत असते. दुसरं कारण असं की, दोन तासांचा गेम बंद केला तरी नऊ तासांचं काम त्याच खुर्चीत, त्याच वाकलेल्या मानेने चालूच राहतं. स्क्रीनवर एक्सेल आहे की सिव्हिलायझेशन, हे तुमच्या मणक्याला कळत नाही. तो फक्त तास आणि बैठक मोजतो.

यात मॅक वापरणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. गेम खेळायचा म्हणून सहसा कोणी मॅक घेत नाही. डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, सॉफ्टवेअरचं काम, नाहीतर कंपनीने दिला म्हणून तो घरात येतो. जो खास गेमसाठी कॉम्प्युटर जुळवतो, तो निदान मोठा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड, माउस, बरी खुर्ची यांचा विचार करतो. मॅकवाला स्वतःला 'गेमर' समजतच नाही. तो पलंगावर उशीला टेकून, मॅकबुक मांडीवर घेऊन, ट्रॅकपॅडवर "थोडंसंच" खेळतो. २०१९ साली मॅकच्या नव्या प्रणालीत ३२-बिट प्रोग्रॅम चालेनासे झाले, तेव्हा बरेच जुने गेम एका फटक्यात गेले. पण २०२० पासून ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्या आणि पुढे बाल्डर्स गेट ३, रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज यांसारखे मोठे गेमही मॅकवर आले. शिवाय २०२० नंतरच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. पूर्वी पंखा घरघरायला लागला की "बास करा आता" अशी घरातल्या सगळ्यांनाच सूचना मिळायची. आता यंत्र गप्प असतं आणि माणूसही.

मग गेमचा काहीच दोष नाही का? आहे, पण तो वेगळा आहे. ऑफिसात फोन येतो, कोणी हाक मारतं, चहाला उठणं होतं. गेम ही चुळबुळ काढून घेतो. दुखायला लागलं की आपण नकळत कूस बदलतो, मान फिरवतो. गेममध्ये मन इतकं गुंतलेलं असतं की ही सूचना ऐकूच येत नाही. माझ्या मते धावपळीच्या, गोळीबाराच्या गेमपेक्षा शांत, चाली-चालींचे गेम याबाबतीत जास्त फसवे. गोळीबारात निदान मरण येतं आणि डाव संपतो. शहर वसवण्याच्या किंवा शेती करण्याच्या गेममध्ये "अजून एकच चाल" करता करता दीड वाजतो.

आता मानेकडे वळू. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. ते मणक्यावर सरळ तोललेलं असेल तर मानेच्या स्नायूंना फारसे कष्ट नसतात. डोकं पुढे झुकलं की तेच वजन मागच्या स्नायूंना तासन् तास ओढून धरावं लागतं. लॅपटॉपची मूळ अडचण अशी की, त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, हात सोयीचे ठेवले तर मान खाली जाते. कितीही महाग मॅकबुक घ्या, ही अडचण किंमत देऊन सुटत नाही. ती सुटते जाडजूड पुस्तकांच्या चळतीने. लॅपटॉप चार पुस्तकांवर किंवा बुटांच्या खोक्यावर ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येऊ द्या, अंतर साधारण हातभर ठेवा आणि वेगळा कीबोर्ड व माउस जोडा. साधा कीबोर्ड-माउस काही शेकड्यांत येतो आणि मॅकला चालतो. याआधी कोणी 'गेमिंग चेअर'साठी वीस हजार खर्च करणार असेल तर मी त्याला थांबवतो.

चाळिशीनंतरच्यांसाठी एक वेगळी सूचना. तुम्हाला बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा इतका उंच करू नका. चष्म्याच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी तुम्ही हनुवटी वर कराल आणि मान उलट्या बाजूने दुखेल. पडदा थोडा खाली ठेवा, नाहीतर फक्त कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्या.

हातांच्या तक्रारींत बोटं नीट सांगितलीत तर डॉक्टरचं अर्धं काम होतं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात, रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. त्याला कार्पल टनेल म्हणतात. मॅकबुकची ॲल्युमिनियमची पुढची कड बरीच टोकदार आहे. तिच्यावर मनगटं टेकवून तासन् तास खेळणं अशा हाताला मुळीच चांगलं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर दोष बहुधा कोपराशी असतो. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवायची सवय सोडा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर अंगठा मुठीत धरा आणि मूठ करंगळीच्या दिशेने हळूच वाकवा. तिथे सणक आली तर अंगठ्याच्या स्नायूबंधांना सूज असू शकते. मॅकवर कॉपी, पेस्ट, सेव्ह अशा सगळ्या गोष्टींसाठी कमांडचं बटण दाबायला अंगठा सतत आत वळवावा लागतो, त्यावर रात्री ट्रॅकपॅडवर ओढाओढ. ट्रॅकपॅड दाबून ओढण्याऐवजी सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत तीन बोटांनी ओढण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. गेमसाठी मात्र माउसच घ्या.

हातापायांना मुंग्या येतात म्हणजे कॉम्प्युटरच कारण, असंही धरून चालू नका. मधुमेह, थायरॉईड आणि बी १२ची कमतरता यांतही मुंग्या येतात, आणि शाकाहारी घरांत ही शेवटची कमतरता मला वारंवार दिसते. साधी रक्ततपासणी करून घ्या.

डोळ्यांबद्दल सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते निळ्या प्रकाशाच्या चष्म्यांवर. दुकानदार हमखास विकतो. २०२३ साली कॉक्रेनने आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी कॉम्प्युटरमुळे होणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. डोळे थकतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, आपण पापण्या मिटायला विसरतो. एरवी मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे टक लावल्यावर निम्म्याहूनही कमी वेळा मिटते आणि डोळा कोरडा पडतो. त्यात पंखा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर असेल तर विचारूच नका. दोन, जवळचं पाहताना डोळ्यातला स्नायू सतत ताणलेला राहतो. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फूट लांबचं काहीतरी पाहावं. खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं मोजलं तरी चालेल. मॅकमधली नाइट शिफ्टची पिवळसर छटा डोळ्यांना सुखावत असेल तर जरूर वापरा, पण ती लावली म्हणून रात्री एकपर्यंत खेळायचा परवाना मिळत नाही. झोप उडते ती रंगाने कमी आणि चेतवलेल्या मेंदूने जास्त.

मांडीवर गरम लॅपटॉप घेऊन खेळण्याबद्दल एक किस्सा आवर्जून सांगतो. २०१० साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो काही महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून गेम खेळत होता. त्याच्या डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटले, कारण यंत्राची डावी बाजू जास्त तापायची. असे डाग पूर्वी चुलीजवळ किंवा शेगडीपाशी सतत बसणाऱ्यांच्या पायांवर दिसत. चटका बसण्याइतकी उष्णता लागतच नाही, रोजची कोमट ऊब पुरते. ज्यांना मूल हवं आहे त्या पुरुषांसाठी आणखी एक गोष्ट. २००५ सालच्या एका अभ्यासात तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर अंडकोषांच्या पिशवीचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलेलं आढळलं होतं. शुक्राणूंना ऊब मानवत नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवा, एवढंच.

आणि पाय. २००३ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका ३२ वर्षांच्या तरुणाची केस प्रसिद्ध केली. तो कधीकधी दिवसाला अठरा तासांपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसायचा. त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, ती फुफ्फुसापर्यंत गेली आणि जीव धोक्यात आला. हे रोज घडत नाही, घाबरवायचा हेतू नाही. पण पोटरीचे स्नायू हे पायातलं रक्त वर ढकलणारे पंप आहेत आणि ते चालल्याशिवाय चालत नाहीत. मॅकमध्ये यासाठी एक छान सोय आहे, जी फार कमी लोक वापरतात. सिस्टिम सेटिंग्जमध्ये घड्याळाच्या पर्यायांत 'अनाउन्स द टाइम' चालू करा आणि दर अर्ध्या तासाचा पर्याय निवडा. गेमने पूर्ण पडदा व्यापला असेल, कोपऱ्यातलं घड्याळ दिसत नसेल, तरी यंत्र तोंडाने वेळ सांगतं. ऐकलं की उठा, स्वयंपाकघरापर्यंत जा, पाणी प्या, परत या. डाव कुठे पळून जात नाही.

२०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला. रोज साधारण तास ते सव्वा तास बऱ्यापैकी भरभर व्यायाम करणाऱ्यांत, दिवसभर बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास पुसला गेलेला दिसला. म्हणून मी पेशंटशी गेमच्या तासांवरून भांडत नाही, चालण्याचा तास मागतो.

उरला 'व्यसना'चा प्रश्न. हा शब्द घरात फार स्वस्त झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार आपल्या यादीत घेतला आहे, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण त्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर, अशा खुणा आहेत. नोकरी नीट करणारा, घरी बोलणारा, रविवारी क्रिकेटला जाणारा माणूस रात्री दोन तास खेळत असेल तर तो व्यसनी नाही. त्याला चार पुस्तकं आणि एक माउस हवा आहे. याउलट मुलगा कॉलेजला जाईनासा झाला, जेवणं चुकवतो, अंघोळ टाळतो, रोखलं तर अंगावर येतो, तर लॅपटॉप हिसकावून घेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तिथे गेम बहुतेकदा नैराश्याचा किंवा एकटेपणाचा आडोसा असतो.

आता कधी थांबायचं नाही ते सांगतो. मानदुखीबरोबर हातातली ताकद कमी झाली, कप निसटायला लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवी-संडासवरचा ताबा बिघडला, तर बाम चोळत बसू नका, लगेच दाखवा. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी दाखवा आणि तिला मालिश करू नका. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, प्रकाशाचे झोत किंवा पडदा आल्यासारखं दिसलं, तर ती पडद्याची थकावट नव्हे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना भेटा. बाकी साध्या मानदुखीसाठी येणार असाल तर येताना एक काम करा. घरच्या कोणालातरी सांगून, तुम्ही खेळत असताना बाजूने तुमचा एक फोटो काढून घ्या, तुम्हाला न सांगता. एक्स-रेपेक्षा मला तो जास्त उपयोगी पडतो.