सुरूच न होणारं गाणं

कानोसा । बोरीकर

गाणं ऐकताना आपला बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. मुखडा संपला की अंतऱ्याची, अंतरा आला की परत मुखड्याची. तबलजीनं तिहाई उचलली की समेची. लावणीत ढोलकीचा तोडा सुरू झाला की तो कुठं येऊन पडतोय याची. वरातीत डीजेवाला मधेच आवाज दाबतो, पोरं हात वर करून थबकतात आणि मग तो असा दणका सोडतो की आमच्या बोरी गावच्या रस्त्यावरच्या दुकानांची शटरं थरथरतात. तिथंही सगळी गंमत त्या अडवून धरण्याचीच असते. ख्याल असो नाहीतर रिमिक्स, संगीत आपलं बोट धरून कुठंतरी नेत असतं.

अँबियंट नावाचं संगीत मात्र कुठंच नेत नाही. दिवाळीत भाचा पुण्याहून आला तेव्हा त्यानं ओसरीवर ते लावलं. पियानोचे चार-पाच सूर, मग मोकळी जागा, मग तेच सूर जरा मागंपुढं होऊन. शेजारचे आबा कापसाच्या भावाचं बोलायला आले होते. त्यांनी बराच वेळ कळ काढली आणि शेवटी विचारलं, "सुरू कवा व्हायचंय रं हे?" भाचा हसला, पण आबांनी दुखणं बरोबर हेरलं होतं. ते सुरू होत नाही, त्यामुळं संपतही नाही. आपणच उठून बंद करावं लागतं.

आबा ऐकत होते ती ब्रायन ईनो या इंग्रज माणसाची १९७८ सालची तबकडी, 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'. विमानतळावर वाजावं म्हणून केलेलं संगीत. मधेच उद्घोषणा झाली तरी बिघडू नये, लोक बोलत असले तरी अडू नये, आणि कुणी मुद्दाम कान दिलाच तर त्याच्याही हाती काही लागावं, अशी त्याची अट. ईनो याची सुरुवात सांगतो ती १९७५ च्या जानेवारीतल्या एका अपघातापासून. त्याला टॅक्सीनं उडवलं होतं, तो अंथरुणाला खिळलेला. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं हार्पवादनाची एक तबकडी आणली. ती लावून पडल्यावर लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे आणि एका बाजूचा स्पीकर बंदच आहे. उठून खटपट करायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस. त्या पावसातून मधूनच हार्पचा एखादा सूर वर यायचा आणि बुडायचा. पत्र्याखाली आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवं काही सांगायला नको. मृगाच्या सरीत रेडिओवरचं गाणं आपण असंच ऐकलेलं आहे. फरक एवढाच की आपण उठून आवाज वाढवला.

त्याच्याही आधी, १९२० साली, पॅरिसमध्ये एरिक साती या संगीतकारानं नाटकाच्या मध्यंतरात वाजवायला फर्निचरासारखं संगीत केलं होतं. खुर्चीकडं कोण टक लावून बघतं, तसं याकडं कुणी लक्ष देऊ नये. झालं उलटंच. वादक वाजवू लागले तशी मंडळी गप्प होऊन ऐकायला लागली, आणि साती त्यांच्यात फिरून 'बोला, हिंडा, ऐकू नका' म्हणत राहिला. ही हकीकत मला फार आवडते. ऐकू नका म्हटल्यावर कान टवकारणारा श्रोता काय फक्त पॅरिसातच असतो?

आता एक घोळ निस्तरला पाहिजे. संथ आणि हळू आवाजातलं सगळं म्हणजे अँबियंट नव्हे. दवाखान्यात बासरी लावलेली असते, डोहाळजेवणात संतूर. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' कित्येक घरांत जेवताना मागं वाजते. पण तिच्यात काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे. सकाळ उजाडते, संध्याकाळ होते, रात्र पडते. आवाज कमी केला म्हणून गोष्ट थांबत नाही, आपण फक्त ती अर्धवट ऐकतो. किशोरी आमोणकरांचा भूप लावून पोळ्या लाटणारे लोकही मी पाहिलेत. पोळ्या चांगल्या होत असतील. आलाप कितीही सावकाश चालला तरी पुढच्या सुराकडं सरकत असतो आणि पुरतं लक्ष मागत असतो. तो मागं टाकणं म्हणजे बोलणाऱ्या माणसाकडं पाठ फिरवणं.

मग वाट पाहायचं कामच काढून घेतल्यावर कानाला उरतं काय? आपल्याकडं याचं उत्तर तानपुऱ्यात आहे. चार तारा: पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी खोलतात. त्यामुळं तार घोडीला अगदी निसटती घासत राहते आणि तिच्या पोटातले बारीक सूर बाहेर पडतात. मिरजेत पिढ्यान् पिढ्या हे काम चालतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथं जातात आणि तानपुरे होऊन निघतात. तानपुरा नीट मिळाला की कुठल्याच तारेवर न लावलेला गंधार खर्जातून उमटायला लागतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिली काही मिनिटं तो ऐकू येत नाही. चाल नाही, शब्द नाही, ताल नाही, पुढं काही होणार नाही हे कानाला एकदा पटलं की तो आतला शोध घेऊ लागतो, आणि मग गंधार एकदा सापडला की हलत नाही. अँबियंटची ओढ मला तरी इथंच दिसते. लोक शांतता-शांतता म्हणतात, पण शांतता तर लाइट गेल्यावरही मिळते. इथं मिळतं ते न वाजवलेलं ऐकू येणं.

ईनोनं हेच टेपच्या कात्रीनं साधलं. त्याच तबकडीतल्या दुसऱ्या रचनेत माणसांच्या आवाजातला एकेक लांब सूर टेपच्या एकेका वेटोळ्यावर आहे. एक साडेतेवीस सेकंदांनी फिरून येतो, दुसरा जवळपास २६, तिसरा जवळपास ३०. वेटोळ्यांची लांबी जमत नसल्यानं सूर दर वेळी वेगळ्या जागी एकमेकांना भेटतात. कधी दोन एकत्र येऊन गोड होतं, कधी लांब रिकामी जागा पडते. हे जुळवून कुणी लिहिलेलं नाही. ईनोनं वेटोळी फिरू दिली आणि स्वतः ऐकत बसला.

आपल्याकडं तानपुरा कायम गवयाच्या पाठीमागं. तो पुढं कधी आला? त्याची एक वाट आपल्या ओळखीच्या घराण्यातून जाते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्यात त्यांना पुरलं. त्यांच्याच किराणा घराण्यातले, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. तिथं ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे शिष्य झाले. पुढं यंगनं एक तबकडी काढली, तिच्यात नुसते तानपुरे आहेत. तासाहून जास्त वेळ, गाणारा कुणी नाही. आपल्या गवयाला ही थट्टा वाटेल. मात्र इथं लगेच 'बघा, सगळं आपलंच' म्हणून छाती फुगवायची घाई नको. यंग १९५८ पासूनच लांबच लांब सुरांच्या रचना करत होता, आणि ईनोनं विद्यार्थीदशेतच यंगची रचना वाजवली होती, प्राणनाथ अमेरिकेला पोचायच्या आधी. त्यांची वाट त्यांनी काढली. आपला तानपुरा त्यांना वाटेत भेटला.

आणि समजा आपलंच म्हणायचं असेल, तर मिरजेपर्यंत जायची गरज नाही. जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताहाच्या रात्री उतरावं. सात दिवस म्हणजे १६८ तास वीणा उभी. ती जमिनीला टेकवायची नाही आणि तार थांबू द्यायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर चौऱ्याऐंशी होतात. पहारा बदलताना वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, विणेकरी एकमेकांच्या पाया पडतात. दिवसा काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन यांच्या गर्दीत ती कुणाच्या लक्षातही येत नाही. कीर्तन आटोपून भोंगा बंद झाला, पंगतीची भांडी घासून झाली, सतरंजीवर माणसं आडवी झाली की उरतो विणेकरी आणि एखाद-दुसरा टाळकरी. दोननंतर गारठ्यानं तार जराशी बदलते. विणेकरी ती पिळत बसत नाही, बोट चालूच ठेवतो. दिवसभर कापूस वेचलेला माणूस, डुलकी लागते, मान खाली जाते, बोटाचा वेग मंदावतो आणि आपोआप सावरतो. टाळ मागं पडतो, पुन्हा गाठतो. ईनोच्या वेटोळ्यांसारखंच दर वेळी निराळं, आणि इथं कात्रीही लागलेली नाही.

वारकऱ्याला तुम्ही हे संगीत म्हणालात तर तो हात जोडेल आणि सांगेल की हे नामस्मरण आहे. त्याचं बरोबर आहे. विणेकऱ्याला कुणाला काही ऐकवायचं नसतं. पण अर्धं गाव झोपेत ते ऐकत असतं, आणि सप्ताह उठल्यावर पहिल्या रात्री कित्येकांना झोप लागत नाही.

झोपेवरून आठवलं. मोबाइलवर हल्ली अँबियंटचा खप झोपेसाठीच. पाऊस, पंखा, लांबवलेले सूर. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं, म्हणून लोक पावसाचेसुद्धा तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून विकत होते. शेवटी कंपनीनं जाहीर केलं की २०२४ पासून असल्या आवाजांचा तुकडा किमान दोन मिनिटांचा असेल तरच पैसे. पाऊस दोन मिनिटांचा! झोपेच्या औषधाबद्दल माझी तक्रार नाही, ज्याला लागतं त्यानं घ्यावं. पण ज्या संगीतात कान जागा होतो ते कान मिटायला वापरणं म्हणजे चांगल्या जवारीचा तानपुरा उशाला घेण्यासारखं आहे.

तानपुऱ्याचं यंत्र १९७९ च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी बनवलं. आता ते मोबाइलच्या ॲपमध्ये मावतं आणि कितीतरी कीर्तनकार ते माइकसमोर ठेवतात. कीर्तनाला चालतं, तिथं सूर सापडला की काम झालं. अलीकडे मात्र एका गावच्या सप्ताहाच्या बैठकीत मी वेगळीच सूचना ऐकली. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही, पोरं पुण्याला कंपनीत, काही ऊसतोडीला. तेव्हा तेवढे दोन तास ॲप लावावं, वीणेचा मान म्हणून ती खुंटीला टांगावी.

याला माझा विरोध आहे, आणि तो धर्मापेक्षा कानाचा आहे. ॲपमध्ये एकच छेड पुन्हा पुन्हा फिरते, तीच. कान ती लवकरच पाठ करतो आणि ऐकणं सोडतो. पेंगणाऱ्या माणसाची छेड पाठ होत नाही. माणसं नाहीत म्हणता, तर त्याच गावात महिला भजनी मंडळ आहे. त्यांचे टाळ आमच्या आबांच्या टाळांपेक्षा नेटके पडतात. त्यांतल्या दोघी-तिघी पहाटे उठून शेण-पाणी करतातच, म्हणजे दोनला उठणं त्यांना नवं नाही. संत जनाबाईंचं गंगाखेड याच परभणी जिल्ह्यात आहे. असं असून बहुतेक मंडपांत मी वीणा पुरुषांच्याच गळ्यात पाहिली आहे. पहाऱ्याच्या वहीत दोन ते चारची ओळ कोरी ठेवून ॲप शोधण्याआधी या बायांना एकदा विचारलं होतं का, एवढं त्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवं होतं. पुढची बैठक कधी आहे ते मी काढून ठेवलं आहे.